एलियनच्या अपहरणाचा भयपट, नागपुरी खर्चात

२०२२ च्या गुढीपाडव्याला, म्हणजे २ एप्रिलला, संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे रांगेने गेले. गच्चीवर असलेल्या लोकांनी मोबाइलवर टिपले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटच्या टप्प्याचे हे तुकडे असावेत, असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता. परग्रहवासी माणूस उचलून नेतात अशा विषयावर लघुपट काढायचा असेल तर त्या दिवसाचे व्हिडिओ आधी नीट बघा. उजेड लुकलुकत नाही, वळत नाही, आवाज करत नाही. सगळे तुकडे एकमेकांना समांतर आणि एकाच चालीने सरकतात. साधी उल्का एक-दोन सेकंदात विझते, हे दृश्य मात्र बघणाऱ्याला पुरतं गोंधळायला वेळ देतं. आपल्याकडच्या लघुपटांतली तबकडी झिगझॅग उडते आणि निळी-लाल चमकते, म्हणून ती लग्नाच्या डीजेसारखी दिसते आणि कोणी घाबरत नाही.

या प्रकाराचा साचा बराच जुना आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या डोंगराळ रस्त्यावर १९ सप्टेंबर १९६१ च्या रात्री बेटी आणि बार्नी हिल या जोडप्याला गाडीमागे येणारा उजेड दिसला आणि प्रवासातल्या दोनेक तासांचा हिशेब लागेना. १९६४ मध्ये बोस्टनचे मानसोपचारतज्ज्ञ बेंजामिन सायमन यांनी त्यांना संमोहनाखाली बोलतं केलं, तेव्हा टेबलावरची तपासणी वगैरे पुढे आलं. खुद्द सायमन यांना ही बेटीच्या स्वप्नांतून तयार झालेली गोष्ट वाटत होती. पण उजेड, हरवलेला वेळ, हलता न येणारं शरीर आणि तपासणी हा क्रम तेव्हापासून पक्का झाला. यातलं शेवटचं, तपासणीचं प्रकरण, कमी पैशात कधीच चांगलं होत नाही. थर्माकोलला चंदेरी कागद लावलेलं यान दिसलं की सिनेमा तिथेच संपतो. पहिल्या तीन गोष्टी मात्र नागपुरातल्या दोन खोल्यांच्या घरात उत्तम होतात. पैसे आणि वेळ तिथेच घाला.

सुरुवात खिडकीबाहेरच्या उजेडापासून. भलंमोठं काहीतरी घरावरून सरकतंय हे दाखवायला आकाश दाखवायची गरज नाही, भिंतीवरची गजांची सावली पुरते. ती कशी सरकते यावर सगळं आहे. बहुतेक जण मोठी टॉर्च घेऊन खिडकीजवळ उभे राहतात आणि हात फिरवतात. समजा दिवा खिडकीपासून १ मीटरवर आहे आणि समोरची भिंत खिडकीच्या आत ४ मीटरवर. मग गजाची सावली पाचपट जाड होते आणि दिवा जितका हलेल त्याच्या चौपट वेगाने उलट्या दिशेला पळते. हाताची प्रत्येक थरथर भिंतीवर चौपट होऊन दिसते, आणि प्रेक्षकाला लगेच कळतं की बाहेर टॉर्च घेऊन कोणीतरी उभं आहे. तोच दिवा ८ मीटरवर न्या. सावली दीडपटच जाड राहते आणि दिव्याच्या निम्म्या वेगाने चालते. तीन मीटर भिंत ओलांडायला दिवा सहा मीटर सरळ रेषेत न्यावा लागेल. बारा ते पंधरा सेकंदांत न्या, त्याहून वेगात नको.

दिवा २०० वॅटचा, एकच मोठी चिप असलेला सीओबी एलईडी घ्या. पुढची काच किंवा दुधी कव्हर काढून टाका. खूप छोट्या एलईडींचं पॅनल वापरलं तर सावलीला चार-पाच कडा येतात, तीक्ष्ण सावली मिळत नाही. इतक्या अंतरावरून कॅमेऱ्याच्या लेन्सचं छिद्र एफ/२ आणि संवेदनशीलता आयएसओ १६०० ठेवली की भिंत व्यवस्थित उजळते. दिवा पाच-सहा मीटर उंच बल्लीवर बांधा आणि बल्ली हवेच्या चाकांच्या हातगाडीवर उभी करून तीन बाजूंनी ताण द्या. लोखंडी चाकांची गाडी प्रत्येक खड्ड्याला सावली उडवते. जमीन ओबडधोबड असेल तर खाली प्लायच्या पट्ट्या टाका. गाडी ओढायच्या आधी वर विजेची तार नाही ना, हे दिवसाउजेडी बघून ठेवा.

कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर मिळालं तर सोनंच. उमरेड, काटोल, रामटेककडच्या गावांत अजून अशी घरं सापडतात. छपराच्या फटींतून येणारे उजेडाचे पट्टे हवेत दिसायला धूर मात्र हवा, आणि इथेच नागपूरचं हवामान आडवं येतं. मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की फॉग मशीनचा धूर काही मिनिटांत विरून जातो, कारण तो म्हणजे पाणी आणि ग्लायकॉलचे बारीक थेंब. दर टेकला पुन्हा सोडावा लागतो, मग प्रत्येक शॉटमध्ये धुराची घनता वेगळी आणि एडिटिंगमध्ये जोड दिसतात. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. रात्री वारा पडतो, जमिनीलगतची हवा थंड राहते आणि धूर खालीच रेंगाळतो. मशीन सोडल्यावर लगेच कॅमेरा चालू करू नका, वर्तमानपत्राने वारा घालून धूर खोलीभर पसरू द्या, दोन मिनिटं थांबा, मग टेक घ्या. लोट दिसले तर आग लागल्यासारखं वाटतं.

जमिनीवरून वाहणाऱ्या पांढऱ्या धुराचा मोह सगळ्यांना होतो. त्यासाठी ड्राय आइस वापरतात, आणि बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. एक किलो ड्राय आइसपासून पाचशे लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत तीन किलो टाकला तर हवेतलं प्रमाण पाच टक्क्यांच्या जवळ जातं. चार टक्क्यांना ते तात्काळ धोक्याचं मानतात. शिवाय हा वायू जड असल्याने खाली साचतो, आणि तुमचा नट खालीच आडवा पडलेला असतो. वापरायचाच तर अंगणात वापरा. उघड्या हाताने धरू नका, उणे ७८ अंशांवर कातडी भाजल्यासारखी होते.

डीजेवाल्यांकडे मिळणारी शार्पी, म्हणजे २३० वॅटची अरुंद झोताची फिरती लाइट, बाहेरच्या दृश्याला फार कामाची. पण ती वर आकाशाकडे मारू नका, सोनेगावच्या विमानतळावर विमानं उतरत असतात. उंचावर चढवून खाली मारा, दिसायलाही तेच बरोबर आहे. एकदा बंद केली की दहा-पंधरा मिनिटं निवू द्यावी लागते, नाहीतर पुन्हा पेटत नाही. त्यामुळे दोन टेकच्या मध्ये बंद न करता तिच्या आतल्या झडपेने झोत झाका. जनरेटर दूर, एखाद्या भिंतीआड ठेवा, नाहीतर आवाजाचं सगळं रेकॉर्डिंग फुकट जाईल.

कॅमेरा मोबाइलचा असला तरी चालतो, फक्त ऑटोवर सोडू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा. मोबाइल आपल्या मनाने ३० फ्रेम आणि १/६० धरतो आणि स्वस्त एलईडीखाली चित्रावर आडवे काळे पट्टे सरकू लागतात. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. रात्रीचा मोड बंद. बाहेरची दृश्यं पूर्ण अंधारात घेण्यापेक्षा सूर्य मावळल्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत घ्या. झाडांच्या कडा आकाशावर उठून दिसतात. हा वेळ फार लवकर सरतो, तेव्हा तालीम आधीच झालेली हवी.

आता आवाज. नागपूरच्या माणसाला झोपेत कशाची सवय असेल तर कूलरची. मार्च ते जून तो चालूच असतो, आणि थांबला की घर जागं होतं. अपहरणाच्या रात्रीसाठी याहून चांगली खूण मला तरी सुचत नाही. कूलर चालू, मग लाइट जाते, पंखा गिरक्या घेत मंदावतो, पाण्याची शेवटची टिपटिप. इथपर्यंत प्रेक्षक निर्धास्त असतो, कारण हे रोजचं आहे. इन्व्हर्टर चालू होतो, छताचा पंखा फिरू लागतो. कूलर बहुधा इन्व्हर्टरवर नसतोच, त्यामुळे तो गप्प राहतो हेही बरोबर. आणि मग इन्व्हर्टरचा हिरवा दिवा चालू असताना छताचा पंखाही हळूहळू थांबतो. हा एक चुकीचा तपशील दहा किंकाळ्यांचं काम करतो, अट एवढीच की हिरवा दिवा त्याच फ्रेममध्ये दिसला पाहिजे.

हे सगळं वेगवेगळं रेकॉर्ड करा: फक्त पंप, फक्त कूलरचा पंखा, दोन्ही मिळून, बंद होतानाचा पूर्ण उतार, आणि खोलीची निव्वळ शांतता किमान एक मिनिट. बाहेरचे आवाज एकदम तोडू नका. रातकिडे फटकन बंद झाले तर एडिटिंगची चूक वाटते. आधी दूरची कुत्री जाऊ द्या, मग हायवेची घरघर, रातकिडे शेवटी, वीसेक सेकंदांत.

खोल, पोटात घुसणाऱ्या आवाजाबद्दल बरंच बोललं जातं. १९९८ मध्ये विक टँडी यांनी सुमारे १९ हर्ट्झच्या ऐकू न येणाऱ्या कंपनांचा आणि भुताच्या भासांचा संबंध जोडला होता, तेव्हापासून प्रत्येक भयपटवाला ते टाकून बघतो. मोबाइलच्या स्पीकरमधून १९ हर्ट्झ निघतच नाही, ४० सुद्धा नाही. तुमचा नव्वद टक्के प्रेक्षक मोबाइलवरच बघणार असं धरून चाला. ४० हर्ट्झचा सूर हवा असेल तर त्यासोबत ८०, १२०, १६०, २०० असे वरचे सूर मिसळा, लहान स्पीकरवर कान तळाचा सूर स्वतः भरून काढतो. बरं, खोलीत आधीच इन्व्हर्टरची घूं असते. तुमचा सूर तिच्या अगदी जवळ बसला तर दोन्हींचा मिळून आवाज लाटेसारखा वर-खाली होतो. हवी असेल तर छान, नको असेल तर सूर जरा बाजूला सरकवा.

आता हलता न येणारं शरीर. अपहरणाच्या बऱ्याच वर्णनांमागे निद्रापक्षाघात असतो, असं अभ्यासक मानतात. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे स्नायू ढिले पडलेले असतात, आणि कधीकधी डोळे उघडले, भान आलं तरी ते तसेच राहतात. छातीवर दाब, खोलीत कोणीतरी असल्याची खात्री, हे काही सेकंद ते दोनेक मिनिटं चालतं. उताणं झोपल्यावर आणि झोप अपुरी असताना जास्त होतं. आपल्या आज्या याला छातीवर भूत बसलं म्हणत. या अवस्थेत डोळे हलतात आणि श्वास चालतो, कारण ते स्नायू यातून वगळलेले असतात. नटाला नेमकं हेच सांगा. नवे नट मानेच्या शिरा ताणून धडपडतात, दात आवळतात. ते बांधलेल्या माणसाचं चित्र झालं. इथे चेहरा सैल, जबडा सैल, हात उशीजवळ पडलेला, श्वास उथळ, आणि फक्त बुबुळं एका कोपऱ्याकडे जातात. कॅमेरा उशीच्या उंचीला, डोळ्यांपासून दोन फुटांवर. चाळीस सेकंद कट नाही. ज्या कोपऱ्याकडे तो बघतो तो कोपरा दाखवू नका.

अंथरुणावरून उचललं जाणं दाखवायचं असेल तर पंख्याच्या हुकाला दोर बांधायचा विचारसुद्धा करू नका. तो हुक पंख्यापुरताच असतो. साधी पद्धत अशी: १८ मिलिमीटर प्लायची फळी, खांद्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत. मानेच्या पुढे फळी नको, डोकं आणि केस मागे लोंबले पाहिजेत. हातही बाहेर. लोक पूर्ण सहा फुटांची फळी घेतात आणि माणूस तिरडीवर ठेवल्यासारखा दिसतो. चार जणांनी दोन्ही बाजूंनी उचलायचं, कॅमेरा घट्ट स्टँडवर. मग कोणीही नसलेल्या रिकाम्या खोलीचा तोच शॉट घ्यायचा आणि एडिटिंगमध्ये माणसं पुसायची. फसतं ते दोन कारणांनी: दोन शॉटच्या मध्ये कोणाचा तरी पाय स्टँडला लागतो, किंवा खिडकीबाहेर झाड हलत असतं. खिडकी काळ्या कापडाने झाका. चादर एकटीच सरकायला हवी असेल तर ०.३ मिलिमीटरची मासे धरायची तंगूस वापरा. नायलॉन मांजा घेऊ नका, २०१७ पासून त्यावर बंदी आहे आणि नागपुरात त्याने गळे कापले गेलेत.

हरवलेला वेळ दाखवायला घड्याळाचा क्लोजअप म्हणजे आळस. आपल्याकडे चकवा आहेच. रात्री वावरातून निघालेला माणूस पहाटे तिथेच सापडतो, हे गावातल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं, त्यामुळे पात्रांच्या तोंडी तोच शब्द येईल. चित्रात मात्र आकाश वापरा. मेच्या मध्यावर रात्री दहाला नागपुरातून ज्येष्ठाची लालसर चांदणी आणि तिच्याभोवतीचा विंचू आग्नेयेला, हात लांब करून मोजलं तर क्षितिजापासून अडीच मुठी वर असतो. पहाटे चारला तो तितक्याच उंचीवर नैर्ऋत्येला गेलेला असतो. गच्चीवर झोपलेल्या माणसाचा एकच शॉट, त्याच जागेवरून, आणि विंचू या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. मधलं काही नाही. नक्षत्रं ओळखणारे घाबरतील, बाकीच्यांना नुसतं काहीतरी बिनसलंय असं वाटेल. पंधरा सेकंदांच्या एक्स्पोजरने चांदण्यांचा स्थिर फोटो काढून मागे बसवावा लागेल, व्हिडिओत त्या धड येत नाहीत.

बाहेरच्या पाठलागासाठी संत्र्याचा बगीचा घ्या. झाडं साधारण ६ बाय ६ मीटरवर लावलेली असतात, ओळी सरळ, त्यामुळे मागून येणारा झोत प्रत्येक ओळीत तुटतो आणि पुन्हा जुळतो. आंबिया बहाराची फळं पिकताना रस शोषणारे पतंग रात्री येतात म्हणून शेतकरी संध्याकाळी पाला जाळून धूर करतात. त्या दिवसांत तुमचं फॉग मशीन घरीच राहू द्या. पतंग दिव्यावरही येतात आणि लेन्ससमोरून गेले की चित्रात लांबट चकाकत्या काड्या उमटतात. उडत्या तबकडीचे पुरावे म्हणून फिरणाऱ्या कित्येक व्हिडिओंत तेच असतं, तेव्हा खुशाल राहू द्या. बगीच्याच्या मालकाला एक प्रश्न मात्र नक्की विचारा: शेजारच्या कोणी रानडुकरांसाठी कुंपणात करंट सोडलाय का? बेकायदेशीर आहे, पण विदर्भात माणसं याने मरतात. अंधारात पळण्याचा प्रत्येक शॉट आधी उजेडात चालून बघा.

ड्रोनला दिवे लावून तबकडी करण्याची कल्पना सोडून द्या. आवाज ओळखू येतो, शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि ८ ते १२ च्या पट्ट्यात दोनशे फूट उंचीपर्यंतचीच मोकळीक आहे. म्हणजे जवळजवळ सगळं शहर आलं. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनचा नकाशा बघून मगच ठरवा.

राहिला परग्रहवासी. माझं मत, दाखवू नका. दाखवायचाच तर सीसीटीव्हीत दाखवा, आणि फिल्टर न लावता खरा कॅमेरा वापरा. रात्री तो अदृश्य अवरक्त उजेडात बघतो, त्यात डोळे चमकतात, जाळी-कोळिष्टकं पांढरी उठतात आणि कित्येक काळे कपडे राखाडी-पांढरे दिसतात. काळ्या कापडातला माणूस फिकट निघतो, हे फिल्टरला जमत नाही. कापड आधी कॅमेऱ्यासमोर धरून तपासा. हात किंवा डोकं बनवायचं असेल तर नागपूरच्या महालातल्या चितारओळीत, मूर्तिकारांच्या वस्तीत, जा, साचा आणि शाडूचं काम तिथल्यासारखं दुसरीकडे शिकायला मिळणार नाही. शाडूवर पीओपीचा साचा, आत लॅटेक्सचे, म्हणजे पातळ रबराचे, सहा-आठ पातळ थर, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावर पुढचा. जाड थर दिला तर आत ओलं राहतं आणि काढताना फाटतं. काढताना टाल्कम पावडर मारा, नाहीतर स्वतःलाच चिकटतं. माणसाच्या अंगावर थेट पीओपी कधीही ओतू नका, घट्ट होताना ते भाजण्याइतकं तापतं. मुखवट्याच्या चकचकीत काळ्या डोळ्यांत तुमचा दिवा, कॅमेरा आणि चहा पिणारा मित्र, सगळे दिसतात. दिवा बाजूला घ्या, कॅमेऱ्यामागे काळं कापड टांगा. बुटक्या आकृतीसाठी लहान मूल घ्यायचं म्हटलं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त पाच तास आणि सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, हे नियम आहेत. त्यापेक्षा गुडघ्यावर बसलेला सडपातळ मोठा माणूस बरा.

शेवटी अपलोड. यूट्यूबचं कॉम्प्रेशन अंधार आणि धूर यांचा चुराडा करतं, हळूहळू काळ्यात जाणाऱ्या भिंतीवर चौकोन आणि पायऱ्या दिसू लागतात. काळा अगदी शून्यावर नेऊ नका, वर बारीक ग्रेनचा, म्हणजे रवाळ ठिपक्यांचा, थर द्या, आणि फुल एचडीत शूट केलं असलं तरी फाइल फोरकेत काढून चढवा, तिला जास्त बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला जास्त डेटा, मिळतो. आधी प्रायव्हेट ठेवून एखाद्या साध्या मोबाइलवर, दुपारी, पंखा चालू असलेल्या खोलीत बघा. खिडकीची सावली तिथे दिसली नाही तर भिंत आणखी एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजळा आणि पुन्हा काढा.